सव्वा मुठीची मोजणी

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार आला की खानदेशातल्या दोंडाईच्यात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू किलोने मोजत नाहीत, माणसांच्या नावाने मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. आमच्याकडे हे काम आजीचं. समोर सूप घेऊन ती थोरल्या भाऊबंदापासून सुरुवात करायची. नाव घ्यायची, मूठ टाकायची, वर पाव मूठ. पाळण्यातल्या पोराचीही मूठ पडे. सुरतेला लूमवर गेलेल्याचीही पडे, मग तो भुसावळच्या गाडीने वेळेत पोचो न पोचो. भांडून वेगळी चूल मांडलेल्या चुलत्याचं नाव तर ती जरा मोठ्यानेच घ्यायची. रोट भाऊबंदकीतच संपवायचा असतो, त्यामुळे वर्षभर तोंड न पाहणारे दोघे त्या दिवशी खीर आणि गंगाफळाच्या भाजीपुढे मांडीला मांडी लावून बसत.

आम्हा बहिणींची नावं त्या सुपात कधी पडली नाहीत. दळायला मात्र आम्हीच.

कॉलेजात समाजशास्त्र शिकू लागले तेव्हा कळलं की आजी जे करत होती त्याला जगभर कुळाची मांडणी म्हणतात आणि त्यावर ग्रंथ आहेत. इरावती कर्व्यांचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं पुस्तक १९५३ सालचं. त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे पाडले आणि महाराष्ट्र मध्य पट्ट्यात ठेवला, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती जिथे एकमेकींत मिसळतात तिथे. तापीकाठच्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

त्याआधी आमच्या मुलखात माणूस मोजला तो सरकारने. इंग्रजांच्या कागदांत भिल्ल म्हणजे आधी लुटारू. मग १८२५ मध्ये त्यांचीच पलटण उभी केली. १८७१ च्या कायद्याने तर देशात जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवायची सोय झाली, आणि तो शिक्का पुसायला १९५२ उजाडलं. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले नाकाच्या मापावरून जातींची उंची ठरवू पाहत होते. माझा संताप होतो तो इथे. मिरचीच्या पथारीवर दिवसभर वाकून, डोळ्यांतून पाणी गाळत देठ खुडणारी भिल्ल बाई मी लहानपणापासून पाहिली आहे. तिच्या नाकाच्या मापात तिच्याबद्दल काय सापडणार होतं?

इरावतीबाईही मापं घेतच शिकल्या. बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीय माणूस वरचढ ठरेल, ही तिथली अपेक्षा. मापांत ते दिसेना आणि बाईंनी तसंच लिहिलं. पुढे डेक्कन कॉलेजात असतानाही त्यांनी मापं सोडली नाहीत, पण त्या लोकांच्या घरांपर्यंत गेल्या. लग्न कुणाशी चालतं, सासरी गेलेली लेक माहेरी कोण उरते, हे विचारत राहिल्या. दोंडाईचा ज्या पश्चिम खानदेशात होतं, तिथल्या भिल्लांच्या संसाराची, पोटापाण्याची पाहणीही त्यांनी केली. माणसाला समजून घ्यायचं शास्त्र मला तिथून सुरू झाल्यासारखं वाटतं. आपलं कोण आणि ते ठरवतं कोण, एवढाच त्याचा प्रश्न. आणि त्यावरच माणसाचं सारं सुखदुःख उभं आहे.

या शास्त्राच्या वंशवेलीत पुरुषासाठी त्रिकोण काढतात, बाईसाठी वर्तुळ. मी आमच्या कुळाची वेल काढली, तेव्हा वर्तुळांनी अर्धा कागद भरला. आजी, आत्या, बहिणी, लहानपणी गेलेली धाकटी चुलतबहीण, सगळ्या आल्या. वडील गेल्यावर ज्या घरी फक्त लेकी उरल्या, त्या घराच्या सुपात आता कुणाच्या नावाची मूठ पडते, हे मी भावकीत उघड विचारते. रोट करणाऱ्या बायकांपैकी काहींनी लेकीचं नाव घ्यायला सुरुवात केली आहे. बाकीच्यांशी माझं भांडण चालू आहे.