डेल्टाने कात्री आपलीच वापरली : विषाणू पेशीत शिरतो तरी कसा?

ऑक्टोबर २०२१. कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती. ४ तारखेपासून राज्यात शाळा सुरू होत होत्या, ७ तारखेला घटस्थापनेच्या मुहूर्तावर शिर्डीचं साईमंदिर उघडणार होतं. पण त्याच अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या ६१ गावांमध्ये ४ ते १३ ऑक्टोबर पुन्हा लॉकडाऊन लागला. रुग्ण कमीच होत नव्हते. तेव्हा देशभर पसरलेला विषाणू होता डेल्टा.

डेल्टा एवढा का पसरला? लग्नं, गर्दी, उशिरा झालेली टेस्ट ही कारणं होतीच. पण एक कारण डोळ्यांना दिसणारं नव्हतं.

कोरोनाच्या अंगावरचे काटे म्हणजे स्पाइक प्रोटीन. आपल्या पेशींवर एसीई-२ नावाचं प्रोटीन असतं. त्याचं मूळ काम रक्तदाब सांभाळायला मदत करणं. स्पाइक नेमका त्यालाच चिकटतो. याला सगळे कुलूप-किल्ली म्हणतात, पण ते उदाहरण अर्धवट आहे. कारण नुसती किल्ली लावून हे दार उघडत नाही. आधी किल्लीच कापावी लागते, तीही दोन ठिकाणी.

आणि कापणारी कात्री विषाणूकडे नसते. ती आपली असते.

पहिला काप फ्युरिन नावाचं प्रोटीन देतं. बाधित पेशीत नवे विषाणू तयार होत असतानाच हे काम उरकतं. दुसरा काप पुढच्या पेशीच्या पृष्ठभागावर, टीएमपीआरएसएस-२ नावाच्या प्रोटीनकडून. मग विषाणूचं आणि पेशीचं आवरण एकमेकांत मिसळतं आणि विषाणूचा आरएनए आत.

आता डेल्टाची गंमत बघा. स्पाइक ही १,२७३ अमिनो आम्लांची माळ. तिच्यातल्या ६८१ व्या जागी प्रोलिनऐवजी आर्जिनिन आलं. फ्युरिन कुठे कापायचं ते आर्जिनिनसारखे मणी बघूनच ठरवतं. त्यामुळे डेल्टाचे जास्त काटे आधीच कापलेले, म्हणजे तयार होऊनच बाहेर पडू लागले. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेतल्या नमुन्यांमध्ये हा बदल पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही नोंदवला होता. पुढे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत डेल्टाचा फक्त हा एक मणी पूर्ववत केला, तर त्याची वाढ मंदावली. डेल्टात इतरही बदल होते, पण हा फार महागात पडला.

मग फ्युरिनच बंद करून टाकलं तर? जमणार नाही. शरीरातली कित्येक प्रोटीन्स हीच कात्री कापते. फ्युरिनचं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मायच्या आधीच, गर्भातच मरतात.

दुसरी कात्री अडवणारं औषध मात्र आधीपासून होतं. कॅमोस्टॅट, जपानमध्ये स्वादुपिंडाच्या आजारावर वापरलं जाणारं. प्रयोगशाळेत त्याने आशा दाखवली, पण कोरोनाच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. त्यात ओमायक्रॉन आला. त्याने या कात्रीवर फारशी भिस्त ठेवलीच नाही. पेशी जेव्हा त्याला गिळते, तेव्हा आत कॅथेप्सिन नावाची तिसरीच कात्री असते. तीही आपलीच.