छप्पर उडायला किती वेळ लागतो

हवामान विभागाच्या नोंदीनुसार ‘निसर्ग’ चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. जागा अलिबागच्या दक्षिणेची, दिवेआगर-श्रीवर्धनच्या आसपासची. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर, मधूनमधून झोत 130 पर्यंत. त्या पट्ट्यात कुणालाही विचारा, तुमचं छप्पर कधी गेलं? उत्तर एकच येतं: निसर्गात. ते खोटं नाही, पण मला अर्धंच वाटतं. किती घरांची छपरं त्या दुपारच्या कितीतरी आधी सैल झाली होती, याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात नाही.

खाली एका घराचा घटनाक्रम मांडतो आहे. हे घर कुणा एकाचं नाही. केळशी-आंजर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत वाडीवाडीत अशी घरं आहेत: जांभ्याच्या भिंती, माजघरावर मंगलोरी कौलं, पुढच्या-मागच्या पडवीला पत्रे, परसात माड-पोफळीची वाडी. आपलं घर बाणकोट खाडीच्या दक्षिणेला, दापोली तालुक्यात धरू. वादळाच्या वेळा मात्र खऱ्या आहेत.

उरले 70 दिवस

25 मार्चला करोनामुळे देशभर टाळेबंदी लागली. कोकणातल्या घरांच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त नव्हता. शिमगा आटोपला की मृगापर्यंतचे दिवस शाकारणीचे. कारागीर मिळेना, हार्डवेअरची दुकानं बंद, कौलं आणायला टेंपो नाही. ‘एक वर्ष नाही शाकारलं तर काय होतंय’ असं म्हणून त्या साली अनेक घरांनी विषय सोडून दिला. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना शाळेत विलगीकरणात ठेवायचं की घरात, यावर गावं भांडत होती. वर कौलांकडे कोण बघणार?

एका वर्षाने काय होतं ते सांगतो. शाकारणीत कौलं उतरवून झाडली जातात, शेवाळ निघतं, फुटकी बदलली जातात, हे सगळ्यांना दिसतं. खरं काम त्याखाली असतं. कौलं उतरल्यावरच रिपा दिसतात. चांगला कारागीर प्रत्येक रीप अंगठ्याने दाबून बघतो, वाशावरची वाळवीची माती खरवडतो आणि सर्वांत जास्त वेळ वळचणीला घालवतो. पागोळ्यांचं पाणी वाऱ्याने उलटं फिरून वाशांच्या टोकांना लागतं. चार महिने ते टोक सुकतच नाही. ऐनाचा किंवा किंजळीचा वासासुद्धा तिथे आतून भुसभुशीत होतो, वरून मात्र ठणठणीत दिसतो. त्यातला खिळा खाऱ्या हवेने गंजून आधीच अर्धा झालेला असतो. म्हणजे रीप वाशावर टेकलेली आहे, धरलेली नाही. शांत हवेत या दोहोंत काहीच फरक कळत नाही.

आणि कौलं? मंगलोरी कौलाच्या पोटाला रिपेवर अडकायला एक ठेसणी असते, तिला भोक असतं. मंगळुरात बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं आपल्या किनाऱ्यावर पसरली. ते भोक तारेसाठी आहे. तारेने कौल रिपेला बांधायचं, निदान वळचणीच्या आणि माथ्यावरच्या कोन्याजवळच्या रांगा तरी. किती घरांत ही तार दिसते? मी हा प्रश्न गवंड्यांना विचारतो तेव्हा ते हसतात. बांधलेलं कौल पुढच्या वर्षी उतरवायला त्रास होतो, म्हणून तार घालत नाहीत. म्हणजे शाकारणी सोपी व्हावी म्हणून छप्पर मोकळं ठेवायचं! हा आपला जुना सौदा आहे आणि नेहमीच्या पावसाळ्यात तो खपूनही जातो.

उरले 48 तास

1 जूनची दुपार. मोसमी पाऊस केरळात पोचल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं. पूर्व-मध्य अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आता डिप्रेशन झाला होता आणि अंदाज स्पष्ट होता: उत्तरेकडे सरकून मग वळणार, महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे. गावात यावर कुणाचा विश्वास बसला नाही, आणि त्याला कारण होतं. अरबी समुद्रातली वादळं बहुधा ओमानकडे नाहीतर गुजरातकडे जातात. ‘फयान’ 2009 च्या नोव्हेंबरात आलं होतं, ते मासेमारांना आठवतं; घरात राहणाऱ्यांना तेवढं नाही.

उरले 24 तास

2 जूनला दुपारी डिप्रेशनचं चक्रीवादळ झालं आणि बांगलादेशने सुचवलेलं नाव त्याला मिळालं. दोनच आठवड्यांपूर्वी बंगालात ‘अम्फान’ने काय केलं ते लोकांनी टीव्हीवर पाहिलं होतं. आता धावपळ सुरू झाली. एनडीआरएफच्या तुकड्या पोचल्या, होड्या वर ओढल्या गेल्या, कच्च्या घरांतल्या लोकांना शाळांमध्ये हलवायला सुरुवात झाली.

चोवीस तासांत छपराचं काय करता येतं? शाकारणी नाही होत. वाळवी लागलेला वासा बदलता येत नाही. पण दोर टाकता येतो. पत्र्यांवरून आडवे बांबू, बांबूंवरून जाड दोर, आणि दोराची टोकं भिंतीतल्या कड्यांना किंवा जमिनीत खोल ठोकलेल्या खुंट्यांना. छपरावर झुकलेल्या आंब्याच्या फांद्या छाटता येतात. सुटा पत्रा, पाण्याची रिकामी टाकी, अंगणातली बाकडी आत घेता येतात.

आपल्या घरात त्या संध्याकाळी काय झालं? पडवीच्या पत्र्यांवर सात-आठ जांभे दगड ठेवले गेले. कोकणात हा सर्रास उपाय आहे, आणि माझ्या मते तो वादळात सगळ्यांत घातक. साध्या पावसाळी वाऱ्यात दगड पत्र्याची खडखड थांबवतो. पत्रा उचलण्याइतका वारा आला की तो दगड पत्र्यासकट शेजाऱ्याच्या कौलांवर येतो.

पत्र्यांचे हूक-बोल्ट कुणी तपासले नाहीत. तपासले असते तर प्रत्येक बोल्टभोवती तांबूस गंजाचं कडं दिसलं असतं. डांबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरलेले, तिथून पाणी झिरपून पत्र्याचं भोक रुंद झालेलं. बोल्ट जागेवर, पण पत्रा त्याच्या डोक्यावरून ओढून काढता येईल असा.

उरले 7 तास

3 जूनची पहाट, साडेपाच. रात्रीतून वादळ ‘तीव्र’ झालं होतं. गावात मात्र वारा मध्यम, पाऊस बारीक. टाळेबंदी शिथिल करण्याचा राज्याचा पहिला टप्पा नेमका याच दिवसापासून होता, हा योगायोग. चहा झाला. ‘फुसकं निघालं’ असं म्हणणारे याच वेळी बोलत होते.

उरले 3 तास

वारा आता आग्नेयेकडून, म्हणजे डोंगराच्या बाजूने येतो आहे. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकला. वादळ समुद्रातून येणार म्हणून पश्चिमेची दारं-खिडक्या बांधल्या, झापं बसवली. पूर्वेची बाजू उघडी. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. त्याच्या वाटेच्या उजव्या हाताला असलेल्या गावांना, म्हणजे बाणकोटच्या दक्षिणेकडच्यांना, आधी आग्नेयेचा वारा लागतो, केंद्र शेजारून जाताना दक्षिणेचा, आणि शेवटी नैर्ऋत्य-पश्चिमेचा. छपराच्या तीन कडांना आळीपाळीने हिसके बसतात. पहिला हिसका सैल करतो, तिसरा नेतो.

वीज गेली. ती काही ठिकाणी आठवड्यांनी आली.

उरला 1 तास

वारा छप्पर ढकलतो असं आपल्याला वाटतं. बहुतांश छपरं मात्र वर ओढली जातात. पाख्यावरून वारा वेगाने घसरला की वरचा दाब कमी होतो, आतली हवा छताला खालून रेटते. ही ओढ सगळीकडे सारखी नसते. मध्यावर कमी, वळचणीला, कोपऱ्यांत आणि कोन्यापाशी सर्वांत जास्त. म्हणून छप्पर नेहमी कडेपासून सोलत जातं.

आकडे पाहू. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 17 किलोच्या भाराएवढा. वेग दुप्पट, 120 झाला की तो 68 किलो. 130 च्या झोतात 80. मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास भरतं, आणि कौलांच्या फटींतून हवा निसटते, म्हणून मधली कौलं टिकून राहतात. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलोचा. त्याला वजनाचा काडीचाही आधार नाही. तो पूर्णपणे बोल्टांच्या जिवावर. आणि बोल्टांची अवस्था वर सांगितली आहे.

मुंबईसाठी इमारतींच्या संकल्पनात भारतीय मानक सेकंदाला 44 मीटरचा, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटरचा झोत धरायला सांगतं. निसर्गाचा वारा त्याच्या बराच खाली होता. म्हणजे नीट बांधलेल्या छपराने सोसावा असाच तो वारा होता.

साडेबारा

आधी पूर्वेच्या पडवीचा कडेचा पत्रा गेला. मग दुसरा, कारण पत्रे एकमेकांवर चढवलेले असतात आणि पहिल्याने जाताना दुसऱ्याची कड उचलून दिली. पडवी उघडी पडताच वारा थेट माजघराच्या दारावर आला. दार कडीसकट उघडलं. खिडक्या-दारं उघडी ठेवली की दाब सारखा होतो आणि छप्पर वाचतं, अशी समजूत आहे; ती ऐकू नका. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं की घर आतून फुगतं. वरची ओढ आणि आतला रेटा एकाच दिशेने, म्हणजे वर, लागतात.

आता कोना. कोन्याची कौलं चुन्यात-सिमेंटात बसवलेली असतात, पण ते सिमेंट तडकून वर्षं झाली होती. फटीत गवत उगवलं होतं. ती ओळीने निघाली. मग पाख्याच्या वरच्या रांगा उघड्या पडल्या, आणि बांधलेली नसलेली कौलं एकेक करून उठू लागली. याच सुमारास परसातला माड मुळासकट आडवा झाला आणि मागच्या पाख्यावर पडला. त्याचं खापर शाकारणीवर फोडता येणार नाही, हे कबूल. माड-पोफळी तर त्या दिवशी श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडात वाड्याच्या वाड्या झोपल्या.

माणसं कुठे होती? माजघरातल्या लाकडी पलंगाखाली, पाटाने डोकी झाकून. उडालेल्या कौलाचा तुकडा लागला तर जीव जातो.

नंतरचे 2 तास

केंद्र पुढे गेलं, वारा फिरून समुद्राकडून आला. अर्धवट सुटलेली पश्चिमेची वळचण या फेरीत गेली. वाशांची टोकं तुटली ती बरोबर तिथेच, जिथे दरवर्षी पागोळीचं पाणी परतायचं. अडीचला किनाऱ्यावरचा जोर ओसरला. संध्याकाळी वादळ पुण्याच्या परिसराकडे, रात्री आणखी ईशान्येला, क्षीण होत.

नंतरचे 8 दिवस

5 जूनला वटपौर्णिमा होती. त्या गावांत पूजेला उभा वड शोधावा लागला. ताडपत्री मिळेना; मिळाली तर दुप्पट भावाने. पत्र्यांचं आणि कौलांचंही तेच. 11 जूनला मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला, म्हणजे उघड्या घरांना मिळाले फक्त आठ दिवस.

पंचनाम्यात आणखी एक गंमत झाली, तिला गंमत म्हणवत नाही. शासनाने पूर्ण पडलेल्या घराची मदत 95,100 रुपयांवरून दीड लाखावर नेली. पण जांभ्याच्या भिंती उभ्या होत्या, गेलं होतं फक्त छप्पर. कागदावर हे घर ‘अंशतः’ पडलेलं. ज्याच्या घरात गुडघाभर पाणी आहे आणि भाताची बेगमी भिजून मोड आले आहेत, त्याला हा शब्द समजावून सांगणाऱ्या तलाठ्याचीही मला दया येते.

पुढच्या वर्षी 16 मे 2021 ला ‘तौक्ते’ कोकणाच्या किनाऱ्याला घासून गेलं. मृगाला अजून तीन आठवडे होते, शाकारण्या अर्ध्यावर होत्या, आणि निसर्गानंतर घाईत बसवलेली छपरं पुन्हा सुटली. त्यांतही तार नव्हती.

तेव्हा कोकणात घर असेल, किंवा गावचं घर कुणाच्या भरवशावर टाकून मुंबईला राहत असाल, तर एवढं करा. कारागिराला शिमग्याच्या आधी सांगून ठेवा, मे उजाडू देऊ नका. वाशांची टोकं स्वतः दाबून बघा. पत्र्याचे बोल्ट-वॉशर बदलायला सांगा आणि कडेच्या रांगेत ते दुप्पट घ्या. आणि कारागीर शिडी चढण्याआधी गॅल्व्हनाइज्ड तारेचं भेंडोळं त्याच्या हातात द्या. वळचणीच्या दोन रांगा आणि कोन्याजवळच्या दोन बांधल्याशिवाय त्याला खाली उतरू देऊ नका. तो कुरकुर करेल, जास्तीचा एक दिवस लावेल, त्या दिवसाची मजुरी द्या.