खाण तशी माती?

‘खाण तशी माती’ ही म्हण आम्ही वर्गात शिकवतो, आणि एखादा विद्यार्थी मागे पडला की शिक्षक-खोलीत तीच वापरतो. मुलाची बुद्धी जन्मतःच ठरते, हा तिच्यामागचा समज. एका रोगाचा इतिहास वाचल्यावर आम्हांला ही सवय खटकू लागली.

१९३४ मध्ये नॉर्वेतील एक माता दोन मुलांना घेऊन ओस्लोच्या डॉ. आस्ब्यर्न फोलिंग यांच्याकडे आली. जन्मतः निरोगी दिसणाऱ्या या मुलांची बुद्धी पुढे खुंटली होती. त्यांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घालताच ती हिरवी झाली. फोलिंग यांनी त्यामागचे आम्ल शोधून काढले आणि संस्थांमधील ४३० रुग्णांत आणखी आठ जण तसेच आढळले. पुढे या रोगाला ‘फिनाइलकीटोनुरिया’ हे नाव पडले. आई आणि वडील, दोघांकडूनही सदोष जनुक आले की अन्नातील फिनाइलॲलनिन हा घटक शरीराला पचवता येत नाही. तो रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो.

त्याच वर्षी नॉर्वेने निर्बीजीकरणाचा कायदा संमत केला. आनुवंशिक दोषावर वंशच थांबवावा, हा त्या काळचा विचार अनेक देशांत रूढ होता. लायोनेल पेनरोझ यांनी १९४६ मध्ये लंडनला याच रोगाचा दाखला देऊन तो खोडून काढला: हे जनुक असंख्य निरोगी माणसांतही सुप्तपणे वावरते, मग निर्बीजीकरण कोणाकोणाचे करणार?

खरे उत्तर मात्र ताटातून आले. बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या एका मुलीला फिनाइलॲलनिन अत्यल्प असलेला आहार दिला. १९५३ मध्ये त्यांनी तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. उभेही न राहता येणारी ती मुलगी काही महिन्यांत रांगू लागली, उभी राहू लागली. खात्रीसाठी, आईलाही न सांगता, तो घटक पुन्हा आहारात मिसळला; मुलगी झपाट्याने खालावली. जनुक तेच होते, बदलले होते फक्त अन्न. तरीही झालेली हानी पुरती भरून निघाली नाही. उपचार जन्मानंतर लगेच हवा होता. साठच्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतील रक्ताच्या थेंबावर होणारी चाचणी काढली, तेव्हा ते शक्य झाले.

ही मुले मोठी होऊन माता झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट उमगली. गरोदरपणी पथ्य सुटले, तर मातेच्या रक्तातील तो घटक गर्भाच्या मेंदूला बाधतो. मग मुलाला रोग नसला तरी. मातेचे जनुक येथे मुलाची परिस्थिती होते. खाण कोठे संपते आणि माती कोठे सुरू होते?

सर्व मुलांच्या बुद्धीचा हिशेब इतका सरळ नसतो. तेथे जनुके अनेक आणि परिस्थितीही अनेकपदरी. पण ‘घराणेच तसे’ असे म्हणून आम्ही एखाद्या मुलाविषयीची चौकशी संपवतो, तेव्हा ती नॉर्वेची माता आठवावी. तिची चौकशी संपली नव्हती. तिच्या मुलांना त्याचा लाभ झाला नाही. तिला माहीतही नसलेल्या हजारो मुलांना झाला.