नारायणगावचे फड आणि बाईची रजा

जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडमालक राहुट्या टाकतात, बाहेर फडाच्या नावाचे फलक लावतात, आणि जुन्नर-आंबेगावपासून थेट नगर-नाशिकपर्यंतच्या गावांचे यात्रा-कारभारी राहुटीत बसून तारीख आणि सुपारी ठरवतात. चैत्री पौर्णिमा, कालाष्टमी अशा यात्रांच्या दिवसांना भाव चढा असतो, कारण एकाच रात्री अनेक गावांना फड हवा असतो. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो, वैशाख सरला की मोडतो, आणि पावसाळाभर तंबू गुंडाळून पडलेला असतो. वर्षाची भाकरी सात-आठ महिन्यांत कमवायची, त्यातही खरा पैसा यात्रांच्या हंगामात. कामाच्या ठिकाणी सगळ्यांना जागा मिळावी, काम आणि घर यांचा मेळ बसावा, अशी चर्चा आज मोठ्या कंपन्यांत होते. शंभर-सव्वाशे माणसांच्या या फिरत्या धंद्याने ते दोन्ही प्रश्न फार आधी अंगावर घेतले आहेत. पहिल्यात त्याने जे साधलं ते थोडं नाही. दुसरा मात्र त्याने बाईच्या एकटीच्या माथी मारला, आणि त्याचं कारण कलेत नाही, सुपारी आणि कलावंतांना आगाऊ वाटलेली उचल यांच्या हिशेबात आहे.

आधी पहिल्याविषयी. तमाशाच्या दोन प्रकारांपैकी ढोलकीफडात महार-मांग कलावंतांची परंपरा, संगीतबारीत कोल्हाटी समाजाची. या धंद्याच्या गाभ्याशी उभी राहिलेली माणसं गावगाड्याने वेशीबाहेर ठेवलेली होती. जुन्या फडांत बाईचं सोंग नाच्या पोऱ्या वठवायचा. पुढे बाया स्वतः बोर्डावर आल्या. जुन्नरला लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा आणि रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरातले पठ्ठे बापूराव एकाच फडात उभे राहिले, तेव्हा एक दलित बाई आणि एक ब्राह्मण शाहीर बरोबरीने काम करताहेत हे दृश्य महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसलं असतं. नंतरच्या काळात बाया मालकही झाल्या. फडमालक तुकाराम खेडकर गेल्यावर कांताबाई सातारकरांनी स्वतःचा फड उभा केला. विठाबाई नारायणगावकरांची लेक मंगला बनसोडे यांचा फड त्यांच्याच नावाने चालतो. मुक्कामापासून पगारापर्यंत शंभर माणसांचा कारभार बाईच्या शब्दावर चालणं, हे अनेक कारखान्यांनी आजही पाहिलेलं नाही. हा मोकळेपणा बोर्डापुरताच होता, रात्री फेटे उडवणारं गाव सकाळी त्याच कलावंतांना पाणवठ्यावर येऊ देत नसे, असं कोणी म्हणेल. ते खरंच आहे. पण तो दोष गावाचा. फडाने निदान आपल्या कनातीच्या आत वेगळी रीत चालवून दाखवली.

आता दुसरा प्रश्न. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात वाढलेल्या विठाबाईंना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत सर्वांना माहीत आहे. ती नेहमी कलानिष्ठेचा पुरावा म्हणून सांगितली जाते. विठाबाईंची निष्ठा मी कमी लेखत नाही. तिच्यापुढे मान लवतेच. पण त्या हकिकतीचा शेवट जरा थांबून पाहायला हवा. पोट उतरलेलं पाहून प्रेक्षकांना उमगलं, आणि त्यांनीच हात जोडून खेळ आवरायला सांगितलं, असं सांगतात. म्हणजे कळवलं असतं तर लोक ऐकणारे होते. अडसर प्रेक्षकांचा नव्हता. सुपारी घेतलेली, त्या पैशावर माणसांना उचल वाटलेली, आणि जिच्या नावावर गाव लोटलं तिच्या जागी उभं करायला दुसरं कोणी नाही, असा तो पेच होता. ज्या धंद्यात मुख्य बाईला बदली नसते, तिथे तिने ‘आज जमणार नाही’ म्हणणं म्हणजे शंभर चुली विझवणं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. फड हेच घर असतं. पोरं आईच्या डोळ्यांसमोर वाढतात, आजी पाळणा हलवते, नवरा ढोलकीवर, दीर सोंगाड्या. कचेरीतल्या बाईला पोर पाळणाघरात ठेवून जावं लागतं, ते इथे नाही. ही सोय खरी आहे आणि तिच्याचमुळे अनेक बाया या धंद्यात टिकल्या. पण ती फुकट नव्हती. रोज नवा मुक्काम, पहाटेपर्यंत वग, मग ट्रकमधली झोप, अशात पोरांची शाळा सुटते, आणि शाळा सुटलेलं पोर बहुधा त्याच बोर्डावर येतं. घर आणि काम एक झालं की कामाला कुंपणच उरत नाही. स्वयंपाक, पोर आणि मेकअप हे सगळं एकाच बाईच्या दिवसात बसवलं जातं, आणि त्यातल्या फक्त बोर्डावरच्या तासांचे पैसे मोजले जातात.

कायदा या तंबूपर्यंत आलाच नाही असं नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1961चा प्रसूती लाभ कायदा कारखाने, खाणी, मळे यांच्यासाठी होता. पुढच्या दुरुस्तीने घोडेस्वारीचे, कसरतीचे ‘आणि इतर’ खेळ दाखवणाऱ्या आस्थापनाही त्यात आल्या. लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवसांचं काम पुरतं. फडाचा हंगाम त्याहून मोठा. 2017पासून रजा 26 आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. कागदावर पाहिलं तर मोठ्या फडातल्या नाचणारणीला हे सगळं मिळायला हवं. मिळत नाही, कारण कायदा रजेचा पगार मालकाकडून मागतो, आणि फडमालक स्वतः सावकाराच्या कर्जावर हंगाम उभा करतो. 2020 आणि 2021च्या चैत्रात यात्रा रद्द झाल्या आणि राहुट्या ओस पडल्या, तेव्हा उचल वाटून बसलेले मालकच आधी बुडाले. शिवाय विठाबाईंसारखी बाई, जिच्या नावावर फड चालतो, ती कायद्याच्या लेखी कामगारही नाही. म्हणून फडमालकाला दटावून हा प्रश्न सुटणार नाही. विठाबाईंच्या नावाने शासन 2006पासून जीवनगौरव पुरस्कार देतं, वृद्ध कलावंतांना मानधनही देतं. दोन्ही आयुष्य बोर्डावर झिजून गेल्यावर हाती पडतात. तोच हात बाईच्या बाळंतपणाच्या हंगामात पुढे यायला हवा: तिचा पगार आणि तिच्या जागी घेतलेल्या बदली नाचणारणीची उचल सरकारी निधीतून द्यावी, मालकीण असली तरी द्यावी. आणि थापलिंगच्या यात्रेपासून चैत्रातल्या जत्रांपर्यंत फड नेणाऱ्या गावांनी राहुटीत सुपारी ठरवतानाच मान्य करावं, की मुख्य बाई बाळंतपणामुळे आली नाही, तरी सुपारीतला रुपयाही कापला जाणार नाही.