हायड्रिला

हायड्रिला (कुल : हायड्रोकॅरिटेसी). तळी, कालवे व संथ ओढे यांत पूर्णपणे पाण्याखाली वाढणारी बहुवर्षायू वनस्पती. पाणतणांच्या यादीत तिचे नाव हटकून असते. तळ्यापुरता हा शिक्का फार घाईने मारलेला आहे. दोऱ्यासारख्या खोडाच्या प्रत्येक पेऱ्याला तीन ते आठ पानांचे मंडल असते. पान एक-दोन सेंमी. लांब, दातेरी कडांचे आणि मधली शीर सोडली तर पेशींच्या दोनच थरांचे; त्यामुळे पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड ते थेट शोषते. उन्हाळ्यात दाट वाढीत हा वायू अपुरा पडू लागला, की ती ऊस-मक्यासारख्या सी-४ प्रकाशसंश्लेषणाकडे वळते. उसात हे काम दोन प्रकारच्या पेशी वाटून घेतात, येथे एकच पेशी ते उरकते. शाळेतल्या प्रयोगात उलट्या नरसाळ्याखाली बुडबुडे सोडते ती हीच.

तिच्या गर्दीत प्रवाह मंदावून गाळ तळाशी बसतो, नायट्रोजन-फॉस्फरस तिच्या वाढीत खर्ची पडतो आणि शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी माशांपासून लपून राहतात. उथळ तळे तेवढ्याच पोषकद्रव्यांवर दोन अवस्थांत टिकू शकते, पाणवनस्पतींचे नितळ किंवा शैवालाचे हिरवे-गढूळ, असे मार्टेन शेफर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडले. सांडपाणी येतच असताना वनस्पती सरसकट उपसली, तर तोच फॉस्फरस शैवालाच्या पदरात पडतो.

दाट वाढ रात्री प्राणवायू ओढते व पहाटे मासे गुदमरतात, हा आक्षेप खरा आहे; पण तो हिरव्या झालेल्या तळ्यालाही तितकाच लागू पडतो. दुसरा दाखला फ्लॉरिडाचा. १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून ती तेथे पोचली आणि तिने जलमार्ग तुंबवले. मात्र तेथे ती परकी, मूळ प्रदेशातले तिचे कीटकशत्रू मागे राहिलेले. कालव्यांबाबत बचाव करता येत नाही. भारतातही ती पाणी अडवते, आणि तुटलेल्या पेऱ्यातून नवे रोप फुटत असल्याने नुसती कापणी तिला पुढे पसरवते. चिखलातले कंद तर काही वर्षे जिवंत राहतात. म्हणून कालव्यात तिला काढावेच लागते. तळ्यात वाट मोकळी करण्यापुरती विरळणी पुरते, तीही तुकडे बाहेर काढून. गवत्या मासा तिला आवडीने खातो, पण प्रमाणाबाहेर सोडला तर सगळ्याच पाणवनस्पती फस्त करतो आणि पाणी हिरवे होते.