मुक्तस्रोत परवाने आणि विकसकाचे नाव

ज्या परवान्यामुळे संगणक-आज्ञावलीचा सोर्स कोड कोणालाही वापरता, बदलता व पुन्हा वाटता येतो, त्यास मुक्तस्रोत म्हणजेच ओपन सोर्स परवाना म्हणतात. त्यात विकसकाच्या नावाचे रक्षण दोन निराळ्या अर्थांनी होते : कर्त्याचे श्रेय पुसले जाऊ नये, आणि इतरांनी बदललेल्या आवृत्तीस त्याचा पाठिंबा असल्याचे भासवले जाऊ नये. परवाना निवडताना हा भेद बहुधा नजरेआड होतो.

एमआयटी परवाना प्रताधिकाराची, म्हणजे कॉपीराइटची, सूचना प्रत्येक प्रतीत राखण्यास सांगून पहिली गरज भागवतो. दुसरीविषयी तो मौन पाळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मूळ बीएसडी परवान्याने मात्र श्रेयाचा आग्रह इतका ताणला की, आज्ञावलीच्या वैशिष्ट्यांचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचा नामनिर्देश सक्तीचा झाला. पुढे इतर विकसकांनी त्या जागी आपापली नावे घातल्यामुळे नेटबीएसडी या संगणक कार्यप्रणालीच्या 1997 मधील एका आवृत्तीत अशी 75 श्रेयवाक्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांना आढळली. विद्यापीठाने 1999 मध्ये ती अट रद्द केली, आणि उरलेल्या तीन कलमांपैकी शेवटचे कलम, लेखी पूर्वपरवानगीवाचून कर्त्याचे नाव नव्या उत्पादनाच्या प्रचारासाठी वापरण्यास मनाई करणारे, आजही एकट्या विकसकाला सर्वांत थोडक्या शब्दांत पुरेसे संरक्षण देते.

अपाची 2.0 (2004) परवान्यात बदललेल्या प्रत्येक फाइलमध्ये बदल केल्याची ठळक नोंद आवश्यक असते आणि व्यापारचिन्हांचा सर्वसाधारण परवाना नाकारलेला असतो; म्हणून अनेकांचे हात लागणाऱ्या प्रकल्पांस तो अधिक उपयुक्त होय. जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीतील (2007) सातव्या कलमान्वये नामरक्षणाच्या जादा अटी जोडता येतात.

या अटी केवळ सौजन्याच्या नाहीत. जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने 2008 मध्ये असे ठरवले की, आर्टिस्टिक या मुक्तस्रोत परवान्यातील श्रेय व बदल-नोंदीच्या अटी प्रताधिकार कायद्याखाली अंमलात आणता येतात. भारतात संगणक-आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते आणि 1957 च्या प्रताधिकार अधिनियमाचे 57 वे कलम कर्तृत्व सांगण्याचा हक्क प्रताधिकारापासून स्वतंत्रपणे मान्य करते. त्यामुळे प्रताधिकार दुसऱ्याच्या नावे केला तरी तो हक्क कर्त्याकडेच राहतो.