लिलावातलं घर

माझा धाकटा भाऊ नालासोपारा पूर्वेला भाड्याच्या खोलीत राहतो. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा दलाली, पुन्हा टेम्पो, पुन्हा मुलांच्या शाळेची रिक्षा बदलणं. एका रविवारी तो वर्तमानपत्राचं घडी घातलेलं पान घेऊन घरी आला. "भाईजान, जरा हे वाचून सांगा. वन बीएचके आहे. राखीव किंमत साडेतेरा लाख. बाजारात वीसच्या खाली कुणी बोलत नाही."

बँकेच्या लिलावाची जाहिरात होती. मी मराठी शिकवतो म्हणून असले कागद आमच्या आळीत माझ्याकडेच येतात, पण ही मराठी मलाही दोनदा वाचावी लागली. 'सांकेतिक ताबा', 'प्राधिकृत अधिकारी', 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे' तत्त्वावर विक्री. खाली कर्जदाराचं नाव, पत्ता, मजला, खोली क्रमांक. नाव आपल्यातलंच होतं. भावाने तेही वाचलं होतं. त्याचा खरा प्रश्न शेवटी आला, "हे घेणं जायज आहे का?"

मी मुफ्ती नाही. मशिदीत विचार, म्हणालो. पण तो प्रश्न माझ्याही डोक्यातून जाईना, म्हणून मी त्याच्या मागे इतिहासात गेलो.

सुरुवात शब्दापासूनच करतो, मास्तरांची खोड आहे. 'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांच्या 'लैलांव'वरून आला. उर्दूतलं 'नीलाम'ही तिथूनच. खुद्द पोर्तुगीज शब्द कोशकार अरबीकडे नेतात, 'इअलाम', म्हणजे जाहीर करणं, याच्या घरात. अरबांकडून पोर्तुगालला गेलेला शब्द जहाजात बसून आपल्या किनाऱ्यावर उतरला. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती. तेव्हा या शब्दाशी आमच्या गावाची ओळख जुनी आहे. त्याच्या आजूबाजूचे शब्द पाहा: कर्ज, जप्ती, वसुली, मुदत, तगादा, हुकूमनामा. सगळे अरबी-फारसी. 'गहाण' तेवढा देशी, आणि त्याला उर्दूत आपण 'रहन' म्हणतो.

या 'रहन'विषयी फिकहमध्ये एक गोष्ट स्पष्ट आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात मुदतीत कर्ज फिटलं नाही की गहाण वस्तू सावकाराची होऊन जाई. ती रीत रसूलुल्लाहंनी बंद केली. वस्तू विकून सावकाराने आपलं देणं घ्यावं, वर उरेल ते मालकाचं. आणि बोली लावून विकण्याचं उदाहरण तर अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत आहे. एक गरीब अन्सारी मदत मागायला आला. घरात काय आहे, असं विचारल्यावर एक जाडंभरडं वस्त्र आणि एक वाडगा निघाला. कुणी एक दिरहम बोललं. यापेक्षा जास्त कोण देतो, असं विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिले. ते दोन दिरहम त्या अन्सारीच्याच हातात गेले: एकाचं धान्य, एकाची कुऱ्हाड. त्याने लाकूड तोडून पोट भरलं.

म्हणजे लिलावात खोट नाही. पण तो माणूस आपली वस्तू स्वतःहून आणून देत होता. कर्जदाराची मालमत्ता त्याच्या मर्जीविरुद्ध विकावी का, यावर मोठ्या इमामांचंही एकमत झालं नाही. इमाम अबू हनिफांचं म्हणणं, काझीने त्याच्यावर दबाव आणावा, कोठडीतही ठेवावं, पण त्याच्या वतीने विकू नये. त्यांचेच शिष्य अबू युसुफ आणि इमाम मुहम्मद म्हणाले, विकता येईल. इमाम शाफईंचं मतही तेच, आणि आपल्याकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफईच. सूरह बकरामध्ये अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगितलं आहे, त्याबद्दल मात्र कुणाचा मतभेद नाही.

आता महाराष्ट्रात येऊ. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला. त्यापायी देशमुखांचं घर गेलं, आणि सावकाराने ते पाडायला काढलं. कर्ज काही गावाला नवं नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला होता, सावकार हात सैल सोडून देत होते. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यातच नव्या पाहणीत सरकारने शेतसारा वाढवला. हे सगळं लोकांनी गिळलं होतं. गावातल्या मानकऱ्याचं घर डोळ्यांसमोर पडताना पाहणं त्यांना गिळता आलं नाही. त्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. लोण गावोगाव गेलं आणि १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुपे गावच्या बाजारात उठाव झाला. शेतकरी सावकारांच्या जिवावर फारसे उठले नाहीत. त्यांना कर्जरोखे हवे होते, ते त्यांनी जाळले.

सरकारने आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांपुरता. कोर्टाला रोख्याच्या पलीकडे जाऊन मूळ हिशेब तपासायची मुभा मिळाली. कर्जासाठी तुरुंग बंद झाला. आणि शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता खास गहाण लिहून दिलेली असेल तरच विकता येईल, असं ठरलं. १९०८ च्या दिवाणी संहितेनेही शेतकऱ्याच्या राहत्या घराला जप्तीतून बरंच संरक्षण दिलं.

भावाच्या हातातली जाहिरात मात्र २००२ च्या सरफेसी कायद्याखालची होती. यात बँकेला आधी कोर्टात जावंच लागत नाही. साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग दोन वर्तमानपत्रांत जाहिरात (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, म्हणून तर ती माझ्यापर्यंत आली) आणि लिलाव. कर्जदाराला दाद मागायची तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायचं. त्यासाठी आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अट होती. २००४ ला मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली, कायदा मात्र राहिला. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. वसईतली केळीची वाडी यातून सुटते, शेजारच्या इमारतीतली खोली सुटत नाही.

एक गोष्ट मला खटकली. जुन्या दिवाणी संहितेत बोली पडल्यावरही ठरावीक मुदतीत सगळं देणं आणि खरेदीदाराला किमतीच्या पाच टक्के भरले तर लिलाव रद्द करून घेता येतो. सरफेसीत २०१६ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२३ च्या बाफना मोटर्स निकालानंतर जाहिरात छापली गेली की घर सोडवायचा हक्क संपतो. इंग्रजांच्या कायद्यातला कर्जदार या बाबतीत आजच्यापेक्षा जास्त मोकळा होता. बाकी बरंच तसंच आहे: बोली जिंकली की पंचवीस टक्के लगेच, उरलेले पंधरा दिवसांत. उरलेली रक्कम कर्जदाराला परत मिळते, कमी पडली तर बँक त्याच्या मागे लागते.

भावाला मी व्यवहाराचंही सांगितलं. सांकेतिक ताबा म्हणजे आत माणसं राहतात. त्यांना बाहेर काढायला बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, पालघरला खेपा होतात. सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, जुनं वीजबिल, सगळं 'जे आहे जसे आहे'मध्ये येऊ शकतं. आणि नालासोपाऱ्यात पहिला प्रश्न इमारत अधिकृत आहे का, हा. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या, त्यातल्या लोकांकडेही कागद होते.

तरी आम्ही खोली पाहायला गेलो. दार एका बाईने उघडलं. आम्ही कोण ते तिला विचारावं लागलं नाही, आमच्या आधी दोघे येऊन गेले होते. तिने पाणी दिलं. नवऱ्याचं काम लॉकडाऊनमध्ये गेलं, मग हप्ते चुकले, एवढंच बोलली. भिंतीवर मुलाचं शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. भावाने छत पाहिलं, ओल पाहिली, मोरी पाहिली. जिना उतरताना म्हणाला, "आपण नाही घेतली तर दुसरा घेणारच ना?"

मी उत्तर दिलं नाही. घरासाठी त्याने बीसीतले आणि भाभीच्या दागिन्यांचे पैसे जमवले होते, व्याजाचं कर्ज नको म्हणून. त्याचाही हट्ट चुकीचा नव्हता. त्याने इसारा भरला नाही.

लिलावाच्या दिवशी कुणीच बोली लावली नाही. गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा आली, राखीव किंमत सव्वाबारा लाख. भावाने पान घडी घालून खिशात ठेवलं आहे.